वाढत्या अंगाची सायकल

आमच्या लहानपणी आमच्या घरी कोणतीही वस्तू आमच्या मापाची म्हणून आली नाही. जी आली ती वाढत्या अंगाची म्हणून आली. सदरा शिवावयास टाकला तर त्याच्या बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत यावयाच्या, चड्डी गुडघ्याखाली उतरावयाची, आणि चपलेत अंगठ्यापुढे इतकी मोकळी जागा राहावयाची की तीत आणखी एक अंगठा सुखाने नांदला असता. शिंप्यासमोर आईचे वाक्य ठरलेले असे : "अंगाबरोबर नको, वाढत्या अंगाचा होऊ द्या." या वाक्यात काटकसर होती हे खरे, पण मूल वाढणार, दांडगे होणार, अशी एक आशाही तीत होती, आणि तिच्याविरुद्ध आमची काही तक्रार नाही. सदऱ्याची बाही दुमडता येते, चड्डीला टीप घालून ती आखूड करता येते, चपलेच्या टोकात कापसाचा बोळा कोंबता येतो. सायकलीची दांडी मात्र दुमडता येत नाही. ही साधी गोष्ट आमच्या कुटुंबाच्या ध्यानात यावयास दोन पिढ्या लागल्या.

आमचे गाव अकोले. प्रवरेच्या काठचे हे तालुक्याचे ठिकाण; जिल्हा आता अहिल्यानगर, आमच्या शाळेच्या दाखल्यावर अर्थात अहमदनगर. येथून पूर्वेस संगमनेरकडे जाणारा रस्ता फारसा छळीत नाही. पश्चिमेस राजूर, भंडारदरा आणि पुढे कळसूबाईच्या पायथ्याकडे जाणारा रस्ता मात्र चढउतारांचा आहे, आणि राजूर येण्यापूर्वी विठा घाट आपली हजेरी घेतोच. आमचे घर या पश्चिमेच्या वाटेला, गावापासून तीन मैलांवर, मळ्यात होते. वडील प्राथमिक शाळेत गुरुजी होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. १९६२ साली त्यांनी काळ्या रंगाची, दांड्यांच्या ब्रेकांची, कातडी सीटखाली दोन भक्कम स्प्रिंगा असलेली एक २४ इंची सायकल घेतली.

हा २४ चा आकडा चाकाचा नव्हे, हे येथेच सांगून ठेवतो, कारण पुढे याच आकड्याने आमच्या घरात एक वाद माजविला. चाके २८ इंची असत. २४ इंच हे सांगाड्याचे माप : पायंडले ज्या आसाभोवती फिरतात त्या आसापासून, सीटची नळी जेथे संपते तेथपर्यंतचे अंतर. आमच्याकडील बाजारात पुरुषांसाठी बहुधा २२ आणि २४ ही दोनच मापे दिसत. अण्णा पावणेसहा फुटांहून उंच. त्यांना ती सायकल अशी शोभे की जणू त्यांचे माप घेऊनच कोणी ती घडविली असावी. धोतराचा सोगा खोचून ते संथपणे पायंडल मारीत निघाले म्हणजे त्यांचे डोके वरखाली झालेले आम्ही पाहिले नाही. दोष सायकलीचा नव्हता, अण्णांचाही नव्हता. दोष इतकाच की, जी वस्तू घरातील एकाच्या अंगाची होती ती सगळ्यांच्याच अंगाची आहे असे आम्ही सर्वांनी धरून चाललो.

आम्ही ती सायकल अकराव्या वर्षी हाती घेतली. हाती घेतली हा शब्दप्रयोग येथे अक्षरशः खरा आहे, कारण पायी ती लागत नव्हती. दांडीवरून पाय टाकणे अशक्य. म्हणून दांडीखालच्या त्रिकोणातून उजवा पाय पलीकडे घालावयाचा, डावा हात हँडलला आणि उजवी काख सीटवर रोवावयाची, आणि अंग एका बाजूला लोंबकळत ठेवून पायंडल अर्धे खाली, अर्धे वर असे मारावयाचे. याला आम्ही पोरे 'हाफ पायंडल' म्हणत असू. महाराष्ट्रातील आमच्या वयाच्या बहुतेक पुरुषांनी सायकलीचा श्रीगणेशा याच आसनात केला आहे. पुढे दोन वर्षांनी दांडीवरून पाय टाकण्याचे धाडस आले. परंतु सीटवर बसले म्हणजे पायंडल तळाशी गेल्यावर बोटांचे टोकही त्याला पोचत नसे. ते आपणहून फिरून वर येईपर्यंत पाय हवेत वाट पाहत राही.

चालू सायकलीवर हे सारे निभावे. खरा प्रश्न चढण्याचा आणि उतरण्याचा. घरापासून अकोल्यापर्यंतच्या तीन मैलांत कोठे मैलाचा दगड आहे, कोणत्या मोरीचा कठडा पाय टेकण्याजोगा आहे, कोणाच्या वस्तीपुढे ओटा आहे, याचा नकाशा आमच्या डोक्यात पक्का होता. भूगोलाच्या तासाला नद्यांची नावे विसरत असू, हे दगड विसरत नसू. एके दिवशी बाजाराला निघालेली डांगी जनावरे नेमकी अशा ठिकाणी रस्त्यावर आडवी आली की जेथे ना दगड ना कठडा. ब्रेक लागला, सायकल थांबली, आणि पाय टेकावयास जमीन जेथे असावयास हवी होती तेथे ती पाच इंच खाली होती. कोपर फुटले ते त्या दिवशी. खूण अजून आहे. घरी अण्णांनी हळद लावली आणि हसून म्हणाले, "पडल्याशिवाय सायकल येत नाही रे." पडणे हा शिक्षणाचा भाग आहे, याबद्दल घरात कोणासच शंका नव्हती.

आमची आक्का आमच्याहून तीन वर्षांनी मोठी. सायकल आमच्याआधी तिला येत होती. संध्याकाळी खळ्यात, परकराचा काचा मारून, ती हाफ पायंडलावर गोल गोल फिरत असे, आणि आम्ही मागून कॅरिअर धरून धावत असू. पाचवी ते सातवी ती शेजारच्या मळ्यांतील दोन मुलींच्या सोबतीने पायी अकोल्यास गेली. १९६८ साली सातवी झाली, त्या दोघींच्या घरी पुढचे शिक्षण नको असे ठरले, आणि आक्का एकटी उरली. सोबतीशिवाय तीन मैल जाणे आणि तीन मैल येणे घरात कोणालाच मान्य नव्हते. पावसाळ्यात तर अंधार शाळा सुटण्याची वाटच पाहत असल्यासारखा येई. आम्ही त्या वर्षी चौथीत, जवळच्या शाळेत. अण्णांची बदलीही त्याच शाळेवर झाली होती, त्यामुळे सायकल दिवसभर पडवीत भिंतीला टेकून उभी असे. आक्काने एकदाच विचारले, "मी सायकलीने जाऊ का?"

या प्रश्नाला कोणी नाही म्हटले नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. आजीने, दांडीवरून पाय टाकून मुलीच्या जातीने रस्त्याने जावयाचे कसे, असे विचारले. आईने, आता ती साडी नेसू लागेल, असे म्हटले. अण्णांनी मात्र खरोखर संगमनेरला जाऊन बायकी सायकलीची चौकशी केली. जिची दांडी खाली उतरलेली असते आणि मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी असते, ती सायकल. मागवावी लागेल, महिना लागेल, आणि किंमत जास्त पडेल, असे दुकानदार म्हणाला. अण्णा परत आले. पुढे बोलणे झाले नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि आक्का घरी राहिली.

सारा दोष त्या दांडीवर टाकणे म्हणजे स्वतःची सुटका करून घेणे होय. पुढच्या वर्षी आम्ही पाचवीत गेलो, तेव्हा तीच सायकल, तीच दांडी, तेच तीन मैल होते. आणि आमचा पाय आक्काच्या पायाहून आखूडच होता. तरी सायकल आम्हांस मिळाली. पडण्याची मुभा आम्हांस होती, तिला नव्हती. आमच्याबरोबर तिने आठवीत जावे असे अण्णा एकदा म्हणाले. परंतु तिचे एक वर्ष बुडाले होते, आणि मुलींच्या बाबतीत बुडालेले वर्ष क्वचितच वर येते.

हे आठवण्याचे कारण असे की, बिहारात २००६ साली नववीतल्या मुलींना सायकली देण्याची योजना निघाली. तिचा अभ्यास ज्यांनी केला त्यांना आढळले की, मुलींची शाळेतील नोंद वाढली ती मुख्यतः जेथे माध्यमिक शाळा तीन किलोमीटर वा त्याहून दूर होती अशा गावांत. ते वाचताना आम्ही थांबलो. तीन मैल म्हणजे पावणेपाच किलोमीटर. आमच्या महाराष्ट्रातही मागास तालुक्यांत शाळकरी मुलींना सायकली देण्यात येतात, आणि एका ओळीत त्या सायकलीवर निघालेल्या मुली पाहिल्या म्हणजे आमचे मन भरून येते. मात्र त्या सगळ्या सायकलींचे माप बहुधा एकच असते, आणि मुलींचे नसते. निदान सीट वरखाली करून देण्यासाठी पाना घेऊन एखादा माणूस तेथे उभा असावा, एवढीच आमची इच्छा.

वास्तविक सायकलीच्या इतिहासात माणसाचा पाय आणि सायकलीचे चाक यांचे नाते एके काळी अगदी उघड होते. १८७० नंतर इंग्लंडात जी उंच चाकाची सायकल प्रचारात आली तिची पायंडले थेट पुढच्या चाकाच्या आसालाच बसविलेली असत. पायाची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. म्हणून वेग हवा असेल तर चाक मोठे हवे. पण चाक किती मोठे, याला मर्यादा घालणारा फक्त स्वाराचा पाय. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या पायाची लांबी पाहूनच त्याला ५० इंची, ५४ इंची असे चाक देत. पुढे १८८५ साली कोव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' ही सायकल काढली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी, आणि साखळीने मागचे चाक फिरणारे. १८८८ साली डनलॉपचा हवेचा टायर आला, आणि उंच चाकाचा जमाना संपला. साखळीने केलेले उपकार मोठे आहेत. पुढे ४४ दात्यांचे आणि मागे १८ दात्यांचे चक्र असले, तर २८ इंची चाक एका फेरीत जवळजवळ ६८ इंची चाकाचे काम करते. सायकलीचे गिअर आजही अशा इंचांत मोजतात, ती त्या जुन्या चाकाचीच आठवण. परंतु चाक सर्वांना एकच चालू लागले, आणि पायाचे माप घेण्याची रीत मागे पडली ती पडलीच. माणूस सायकलीच्या रंगाकडे, घंटीकडे, दिव्याकडे पाहू लागला.

आम्हीही तेच केले. नोकरी लागल्यावर १९८१ साली पहिल्या पगाराच्या भरवशावर आम्ही स्वतःची सायकल घेतली, ती २४ इंचीच. वडिलांचे पायताण मुलाच्या पायात येऊ लागले की त्याला मित्राप्रमाणे वागवावे, असे म्हणतात. पायताण आमच्या पायात आले होते. सायकल येत नव्हती, कारण अण्णांची उंची आम्हांस लाभली नाही. आम्ही पाच फूट चार इंचांवर थांबलो. परंतु मोठ्या सायकलीस एक प्रतिष्ठा असते, आणि सीट अगदी तळाला ठोकून बसविली तरी पायंडलासाठी कंबर डावी-उजवीकडे हलवावी लागते, हे कोणास सांगावयाचे? वर्षभरात पाठ धरली आणि गुडघ्याच्या मागची शीर ठणकू लागली. आम्ही तेल चोळले, शेक घेतला, वाताचे पथ्य केले.

यातून सोडविले ते बाजारपेठेतल्या एका सायकल मिस्त्रीने. पंक्चर काढावयास गेलो असता त्याने आम्हांस येताना पाहिले आणि विचारले, "सर, ही सायकल कोणाची?" आमची, म्हटल्यावर त्याने सायकल भिंतीला लावली, आम्हांस वर बसविले, पायातील चपला काढावयास लावल्या, आणि पायंडल अगदी खाली आणून म्हणाला, "टाच टेकवा." टाच चार बोटे अधांतरी राहिली. "टाच टेकली आणि पाय सरळ झाला, की मग चवड्याने मारताना गुडघा हवा तेवढाच वाकतो," तो म्हणाला. "तुम्ही आधी टाच बघायची, मग रंग." त्याने आमची सायकल एका उंच गिऱ्हाइकाला विकून दिली आणि आम्हांस २२ इंची आणून दिली. पंधरा दिवसांत पाठ विसरून गेलो.

त्या मिस्त्रीने जे टाचेने सांगितले तेच १९६७ साली इंग्लंडातील हॅम्ली आणि टॉमस या संशोधकांनी आकड्यांत मांडले होते, हे आम्हांस फार पुढे कळले. पायाच्या आतील बाजूची लांबी, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर, घ्यावी. तळाशी असलेल्या पायंडलापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर तिच्या १०९ टक्के असले म्हणजे पायांचे बळ उत्तम लागू पडते. फ्रान्सची मोठी शर्यत तीन वेळा जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँड या अमेरिकनाचा नियम निराळा : तीच लांबी ०.८८३ ने गुणावी आणि उत्तर मधल्या आसापासून सीटपर्यंत धरावे. आमची लांबी २९ इंच. एका नियमाने साडेसहा इंची पायंडलदांडा धरून आसापासून सीट सव्वापंचवीस इंचांच्या आत येते, दुसऱ्याने साडेपंचवीसच्या थोडी वर. पंडितांत अर्ध्या इंचाचा मतभेद. पंचांगकर्त्यांतही याहून अधिक असतो, म्हणून आम्ही दोघांसही मान देतो. महत्त्वाचे इतकेच की सीट फार खाली असली तर गुडघ्याच्या पुढे दुखते, फार वर असली तर मागे दुखते आणि कंबर डुलते. आणि पाय तळाशी असता गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक राहिला म्हणजे ठीक. याशिवाय थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभे राहिले असता दांडी आणि शरीर यांत इंच-दोन इंचांची फट हवी. अण्णांची सायकल अजून आमच्या पडवीत आहे. परवा टेप लावून पाहिला : दांडी जमिनीपासून ३४ इंच. आमचे कोपर का फुटले याचा हिशेब अशा रीतीने साठीनंतर लागला.

टेप हाती घेण्याचे कारण आमची नात. तिला अकरावे लागले आणि सायकल घेण्याचे ठरले. चिरंजीवांनी २६ इंची चाकाची सायकल मनात योजून ठेवली होती. "दोन वर्षांत हिला लहान पडेल, मोठीच घेऊ," असे ते म्हणाले, आणि आम्हांस शिंप्याच्या दुकानातील आईचा आवाज ऐकू आला. आम्ही २४ म्हटले. चिरंजीव चकित झाले. "आजोबांची चोवीस होती ना? मग हिला ती मोठी नाही का?" आजोबांचे २४ सांगाड्याचे आणि नातीचे २४ चाकाचे, मुलांच्या सायकली १६, २०, २४ अशा चाकाच्या मापानेच ओळखतात, हे समजावण्यात एक संध्याकाळ गेली. शेवटी माप घ्यावयाचे ठरले.

माप घेण्याची रीत अशी की अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, दोन पायांमध्ये एक जाड पुस्तक कणा वर करून घट्ट वर दाबून धरावे, आणि त्याच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीने खूण करावी. आम्ही एका मासिकाच्या बांधीव वर्षाचा खंड काढला. आक्का त्या दिवशी आमच्याकडे आलेली होती. पुस्तक पाहताच ती कडाडली, "विद्येला पाय लावतोस? सरस्वती आहे ती. मास्तर होतास ना?" युक्तिवाद केला नाही. तिने स्वयंपाकघरातून लहान पाट आणला, स्वतः तो नातीच्या पायांत नीट बसविला, आणि खूण तिनेच केली. साडेचोवीस इंच भरले. २४ चाकाची सायकल आणि सीट सर्वांत खालून थोडी वर, असा निकाल लागला.

नात पळाल्यावर आक्का भिंतीजवळच उभी होती. "माझेही घे," ती म्हणाली.

सत्तरी ओलांडलेल्या बाईने हे म्हणावे याचे सुनेस हसू आले. आम्हांस आले नाही. तिने चपला काढल्या आणि भिंतीला पाठ लावली. साडेसव्वीस इंच. तिने ते आम्हांस वहीत लिहावयास लावले आणि मग विचारले, "अण्णांच्या सायकलीची दांडी किती म्हणालास?" आम्ही चौतीस सांगितले. तिने बोटांवर वजाबाकी केली. "म्हणजे साडेसात इंच," असे म्हणून ती पाट ठेवण्यासाठी स्वयंपाकघरात गेली.

सायकल संगमनेरहून आणली. दुकानदाराने अखेरपर्यंत २६ चाच आग्रह धरला. नातीला दोन्हींवर बसवून, थांबल्यावर पाय कोठे टेकतात ते पाहा, असे आम्ही म्हटल्यावर तो गप्प झाला. कोपर सीटच्या पुढच्या टोकाला लावून बोटे हँडलला पोचतात की नाही हेही पाहिले, पोचली. घरी येताच टाच टेकवून सीट नीट लावली. दिवाळीपासून नातीची उंची इंचाने वाढली आहे, तेव्हा गेल्या रविवारी सीटही तितकीच वर घेतली आणि बोल्ट आवळला. सीटच्या नळीवर एक रेघ असते. ती बाहेर दिसू लागली की सीट त्यापुढे उचलावयाची नसते. रेघेला अजून तीन इंच अवकाश आहे. ती दिसली म्हणजे ही सायकल आक्काच्या धाकट्या नातीकडे जाणार, असे आक्काने आताच सांगून ठेवले आहे, आणि तिचे मापही ती दर दिवाळीला घेणार आहे.